‘पुट’ची जर्मन वाट

जर्मन घरात जेवणाच्या टेबलावर ताटली ‘उभी’ असते. सपाट आणि पसरट असली तरी उभीच, कारण तिला बूड असतं. शेजारचा चमचा ‘आडवा’, वर्तमानपत्र आडवं, आणि चेंडू तर जन्माचा आडवा, कारण त्याला ना बूड ना पाय. कपाटातलं पुस्तक उभं असतं, तेच टेबलावर आणलं की आडवं होतं. वस्तू जशी राहणार, त्यावर तिला ठेवण्याचं क्रियापद ठरतं. उभ्या वस्तूला ‘श्टेलन’, आडवीला ‘लेगन’, बसणारीला ‘झेत्सन’. किल्ली कुलपात सारायची तर ‘श्टेकन’, डगला खुंटीला अडकवायचा तर ‘हेंगन’. सुपात मीठ घालायला साधं घरगुती ‘टून’, आणि ऑस्ट्रियाकडे ‘गेबन’. इंग्रज माणसाला मात्र या सगळ्या कामांसाठी ‘पुट’ हे एकच क्रियापद पुरतं.

कोशकार अवघड शब्दाला घाबरत नाही. गेंडा, दुर्बीण, गलबताची शिडं यांना दुसऱ्या भाषेतला जोडीदार शोधून दिला की त्याची सुटका होते. त्याचा घाम निघतो तो घरोघरी वावरणाऱ्या अशा बारक्या क्रियापदांपाशी. इंग्रजी-जर्मन कोशांचा तीनशे वर्षांचा इतिहास चाळताना मोठ्या शब्दांची पानं ओलांडून ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’ यांच्या पानांवर थांबावं. हा धंदा काय शिकला आणि काय विसरला, ते तिथे दिसतं.

आधी ‘पुट’चं कूळ पाहायला हवं. (आयुर्वेदातल्या भस्माच्या पुटांशी त्याचं काही नातं नाही.) हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद जवळजवळ दिसतच नाही. जिथे डोकावतं तिथे त्याचा अर्थ ढकलणं, रेटणं असा आहे. पुढच्या काही शतकांत ते ठेवणं-घालणं या कामात शिरलं आणि तिथे आधीपासून असलेल्या ‘सेट’ आणि ‘ले’ यांना त्याने कोपऱ्यात सारलं. जुना अर्थ मैदानावर तेवढा उरला. शॉटपुटच्या नियमाप्रमाणे गोळा खांद्यापासून एका हाताने ढकलायचा असतो, फेकला की तो बाद. आपण मराठीत या खेळाला बिनदिक्कत ‘गोळाफेक’ म्हणतो, म्हणजे नियमाने जे वर्ज्य तेच नावात घालतो. जर्मनांनी त्याला ‘कूगेलश्टोसन’ म्हटलं, आणि ‘श्टोसन’ म्हणजे ढकलणं. ‘पुट’च्या डझनावारी अर्थांपैकी सर्वांत जुन्या अर्थाला जर्मनमध्ये एकच चोख शब्द मिळाला, तोही खेळाच्या मैदानावर.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मुलखात इंग्रजी जाणणारे थोडेच होते. विद्वान लॅटिनमध्ये लिहीत, दरबारी माणसं फ्रेंच बोलत, आणि इंग्रजी ही हँबुर्गच्या व्यापाऱ्यांच्या कामाची भाषा समजली जाई. अशा काळात, १७०६ मध्ये, लाइपझिगला क्रिस्टियान लुडविग यांचा इंग्रजी-जर्मन-फ्रेंच कोश निघाला. इंग्रजीपासून जर्मनकडे जाणारा हा पहिला मोठा कोश. फ्रेंच त्यात होती याचं कारण सरळ आहे. इंग्रजी शिकू पाहणाऱ्या जर्मनाला फ्रेंच बहुधा आधीच येत असे, आणि लुडविग यांच्यापुढे आबेल बॉयर यांचा १६९९ चा इंग्रजी-फ्रेंच कोशही होता. बॉयर यांच्या कोशाचं बळ वाक्प्रचारांत होतं. क्रियापद एकटं न देता ते ज्या सोबत्यांबरोबर येतं, त्या सोबत्यांसकट द्यायचं, ही त्यांची रीत. ‘पुट’सारख्या क्रियापदासाठी अशी रीत फार सोयीची असते. अर्थांची फोड करण्याच्या भानगडीत न पडता कोशकार वाक्यांमागून वाक्यं मांडत जातो, आणि वाचक आपल्या वाक्याशी मिळतंजुळतं वाक्य शोधतो. त्यात शास्त्र कमी असेल, पण अडलेल्याचं काम भागतं.

हे सगळं लाइपझिगमध्ये घडावं याला कारण होतं. वसंतात आणि शरदात भरणाऱ्या तिथल्या जत्रांना जर्मन मुलखातले सगळे प्रकाशक जमत. पैशाचा व्यवहार कमी असे. छापलेल्या कागदाच्या तावाला ताव मोजून पुस्तकांची अदलाबदल होई. त्यामुळे ज्याच्याकडे छापील कागद जास्त, त्याचं पारडं जड, आणि कागद भरायला भाषांतराइतका स्वस्त माल दुसरा नव्हता. त्यात १७१४ मध्ये हॅनोव्हरचा राजपुत्र लंडनच्या गादीवर बसला आणि इंग्रजी पुस्तकांची जर्मन मागणी वाढू लागली. त्या मागणीला धरून १७३६ मध्ये लाइपझिगचे इंग्रजीचे शिक्षक थिओडोर अर्नोल्ड यांनी नेथन बेली यांचा कोश जर्मनांसाठी तयार केला. बेली हे इंग्लंडातलं खपाऊ नाव, पण रोजच्या शब्दांबद्दल त्यांना फारशी आस्था नव्हती. घोडा म्हणजे सर्वांना ठाऊक असलेलं जनावर, एवढं सांगून ते पुढे जात. तरीही हा कोश नवनव्या हातांनी सुधारून शतक संपेपर्यंत चालत राहिला.

भाषांतरकाराला मजुरी तावावर मिळे. पानामागून पान उपसणाऱ्या या कारखान्यांची खिल्ली बर्लिनचे प्रकाशक-लेखक फ्रीडरिश निकोलाई यांनी आपल्या ‘सेबाल्डुस नोथांकर’ (१७७३-७६) या कादंबरीत मनसोक्त उडवली आहे. त्यात भाषांतरकारांची उतरंडही आहे. फ्रेंचवाल्यापेक्षा इंग्रजीवाल्याचा मान मोठा, कारण तो दुर्मिळ! तावावर पैसे मिळवणारा माणूस ‘पुट’पाशी किती वेळ थांबेल याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. कोशात जो पहिला शब्द दिसेल तो उचलून तो पुढच्या ओळीकडे वळणार.

सगळेच असे नव्हते. हँबुर्गचे योहान योआखिम बोडे यांनी १७६८ मध्ये लॉरेन्स स्टर्न यांचं फ्रान्स-इटलीचं भावुक प्रवासवर्णन जर्मनमध्ये आणलं, तेव्हा शीर्षकातल्या ‘सेंटिमेंटल’ला त्यांना शब्द सापडेना. नाटककार लेसिंग यांनी त्यांना ‘एम्प्फिंडझाम’ हा शब्द सुचवला, आणि पुढे जर्मन साहित्याचा एक अख्खा कालखंड त्या नावाने ओळखला जाऊ लागला. विशेषणासाठी असा नवा शब्द पाडता येतो. ‘पुट’साठी नवा शब्द पाडून उपयोग नव्हता, कारण जर्मनमध्ये शब्द कमी नव्हते, जास्तच होते, आणि त्यांतला कुठला केव्हा उचलायचा ते सांगणारं कोणी नव्हतं.

ते सांगायची पायरी इंग्लंडात रचली गेली. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ च्या कोशात बेचाळीस हजारांवर शब्द दिले, पण या कोशाचं खरं धाडस बारक्या क्रियापदांत आहे. एकट्या ‘टेक’चे त्यांनी १३४ अर्थ क्रमांक घालून मांडले आणि बहुतेकांखाली शेक्सपिअर, ड्रायडन, बायबल यांतले दाखले दिले. प्रस्तावनेत त्यांनी ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’ अशा क्रियापदांची वेगळी यादी देऊन हात टेकले आहेत. यांचा वापर इतका सैल आहे की यांचं सगळं सामर्थ्य कोशात पकडता आलं नसेल तर वाचकाने समजून घ्यावं, असा त्यांचा सूर आहे. इतक्या मोठ्या कोशकाराने इतक्या छोट्या शब्दांपुढे दिलेली ही कबुली त्या प्रस्तावनेतला सर्वांत मोकळा भाग वाटतो.

जॉन्सन यांचं हे भांडार जर्मनीत आणायचं काम योहान क्रिस्टोफ आडेलुंग यांनी अंगावर घेतलं. लाइपझिगमध्ये भाषांतरं आणि संपादनं करून पोट भरणारा हा माणूस त्याच वेळी जर्मन भाषेचा स्वतःचा प्रचंड कोशही लिहीत होता. इंग्रजी कोशाचा पहिला खंड १७८३ मध्ये आला. दुसरा यायला तेरा वर्षं लागली. तोवर आडेलुंग ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयाचे प्रमुख झाले होते. त्यांचं एक ठाम मत होतं. शब्दाचा मूळ अर्थ हाताला लागणारा, डोळ्यांना दिसणारा असतो आणि बाकीचे अर्थ त्यातून पायरी-पायरीने वर चढत जातात. तेव्हा कोशकाराने वाक्यांचा ढीग न घालता ही चढण दाखवावी. जॉन्सन यांच्या कोशाचे गुणदोष तोलणारा त्यांचा एक निबंधही आहे, आणि १७९८ मध्ये लंडनला त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं. इंग्रजीच्या सर्वांत मानाच्या कोशाला लाइपझिगच्या माणसाने गुण द्यावेत आणि लंडनकरांनी ते छापावेत, हे त्या काळात विशेषच.

आडेलुंग यांची ही शिडी विचार म्हणून देखणी आहे. भाषांतराला बसलेल्या माणसाला मात्र ती अर्ध्यातच सोडते. ‘पुट’चा मूळ अर्थ ढकलणं आहे हे कळल्याने ताटलीला ‘श्टेलन’ आणि चमच्याला ‘लेगन’ हे कुठे कळतं? तो निर्णय इंग्रजी क्रियापदात नसतो, जर्मन ताटलीत असतो. कोशाच्या डाव्या रकान्यात कितीही खोल खणलं तरी उजव्या रकान्यातलं उत्तर तिथे सापडायचं नाही. हे उमगायला कोशांच्या धंद्याला आणखी शंभर वर्षं लागली.

मराठी वाचकाला यात जर्मनांची बाजू चटकन पटेल. इंग्रज बाई अंगावर जे चढवेल त्याला ‘पुट ऑन’ म्हणून मोकळी होते. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो, गजरा माळतो आणि बांगड्या भरतो. कोणी साडी ‘घातली’ म्हटलं तर आजी अजूनही टोकते. जर्मनही तसेच. कपड्याला ‘आनत्सीएन’, टोपीला आणि चष्म्याला ‘आउफझेत्सन’, अंगठीला ‘आनश्टेकन’, गळपट्टा गुंडाळायला ‘उमबिंडन’, आणि मलम चोळायला आणखी वेगळं. वजन वाढलं तर इंग्रजीत तेही ‘पुट ऑन’ केलेलं असतं. १८४७ मध्ये मुंबईत निघालेल्या इंग्रजी-मराठी कोशासाठी मोल्सवर्थ आणि कँडी बसले, तेव्हा लाइपझिगचाच पेच त्यांच्याही पुढ्यात होता. फक्त उजवा रकाना मराठी होता.

या क्रियापदाने नाटककारांच्या भाषांतरकारांनाही पेचात पकडलं. ‘ऑथेल्लो’च्या अखेरच्या अंकात नायक दिवा घेऊन झोपलेल्या पत्नीजवळ येतो आणि ‘पुट आउट’ हे एकच क्रियापद लागोपाठ दोनदा उच्चारतो. पहिल्यांदा ते हातातल्या दिव्याबद्दल असतं, दुसऱ्यांदा तिच्या प्राणांबद्दल. इथे दोन वेगळी क्रियापदं वापरली की प्रवेशाचा जीवच गेला. श्लेगेल-टीक या नावाने गाजलेल्या जर्मन शेक्सपिअरमध्ये ‘ऑथेल्लो’ची बाजू काउंट वोल्फ बाउडिसिन यांनी सांभाळली. त्यांच्या हाताशी निदान सामग्री होती. जर्मनमध्ये दिवाही ‘आउसलोशन’ करता येतो आणि आयुष्यही. मराठी तर याबाबत आणखी नशीबवान. दिवा मालवतो, तशी प्राणज्योतही मालवते. ‘ऑथेल्लो’ मराठीत फार लवकर आला. महादेवशास्त्री कोल्हटकरांचं भाषांतर १८६७ चं, आणि १८९० मध्ये देवलांनी त्याचा ‘झुंजारराव’ केला.

एकोणिसाव्या शतकात कोश लठ्ठ होत गेले. योहान गॉटफ्रीड फ्लुगेल हे अमेरिकेत राहून आलेले गृहस्थ लाइपझिग विद्यापीठात इंग्रजी शिकवत आणि पुढे त्याच शहरात अमेरिकेचे वाणिज्यदूत झाले. त्यांचा कोश १८३० चा. मुलगा फेलिक्सने त्याच कोशाला वाहून घेतलं आणि १८९१ मध्ये त्याची भव्य आवृत्ती काढली. मधल्या काळात ब्रेमेनला न्यूटन आयव्हरी लुकास यांचा कोश येऊन गेला. तोवर वाचकही बदलला होता. लाइपझिगच्या टाउखनिट्स प्रकाशनाने १८४१ पासून इंग्रजी कादंबऱ्या मूळ इंग्रजीतच स्वस्तात विकायला काढल्या होत्या. डिकन्स मुळातून वाचायला निघालेल्या वाचकाच्या शेजारी कोश लागणारच.

खरी उडी बर्लिनमध्ये मारली गेली. गुस्टाव लांगेनशाइट या तरुणाने १८५६ मध्ये शार्ल तूसाँ यांच्यासोबत टपालाने फ्रेंच शिकवायचा उद्योग सुरू केला. दर धडा पत्रातून जाई, त्यामुळे उच्चारापासून व्याकरणापर्यंत सगळं कागदावरच समजेल असं लिहिणं भाग होतं. शंका विचारायला शिक्षक समोर नाही, ही अडचणच या प्रकाशनाची शिस्त झाली. तीच शिस्त घेऊन एडुआर्ड मुरे आणि डानिएल झांडर्स यांचा प्रचंड कोश १८९१ ते १९०१ या दशकात बाहेर पडला. झांडर्स यांची निवड मार्मिक होती. ते जर्मन भाषेचे कोशकार आणि ग्रिम बंधूंच्या कोशाचे कडक टीकाकार. जर्मनच्या बाजूला अखेर जर्मनचाच जाणकार बसला. शब्दाचा उच्चार, त्याचा दर्जा, तो दरबारातला की गल्लीतला, जिवंत की कालबाह्य, हे सगळं या घराण्याच्या कोशांत खुणांनी सांगितलेलं असे. नंतरच्या खिशातल्या आवृत्त्यांमध्येही नौकानयनाच्या शब्दाला बारीकसा नांगर आणि संगीताच्या शब्दाला स्वरचिन्ह येत राहिलं.

जर्मन क्रियापदाच्या नेमकेपणाचं कौतुक करताना त्याची उलट बाजू मार्क ट्वेन यांनी मांडून ठेवली आहे. जर्मन भाषेच्या भयंकरपणावरचा त्यांचा १८८० चा लेख अजून हसवतो. त्यात त्यांनी ‘श्लाग’ आणि ‘त्सूग’ या दोन जर्मन नामांना धरलं आहे. एकाचा मूळ अर्थ तडाखा, दुसऱ्याचा ओढ, पण कोशात दोघांचा पसारा इतका की बोलता बोलता अडलं की यांपैकी एक फेकावा आणि निभावून न्यावं, असा त्यांचा सल्ला. जोडून येणाऱ्या आणि वाक्याच्या पार टोकाला जाऊन पडणाऱ्या उपसर्गांवरही त्यांचा राग आहे. यात एक गंमत त्यांच्या नजरेतून निसटली. ‘पुट’च्या मागे धावणारे ‘ऑफ’, ‘आउट’, ‘अप’ हे शेपटीचे शब्द त्याच रोगाची इंग्रजी लक्षणं आहेत. जुन्या इंग्रजीत जर्मनसारखेच उपसर्ग होते, नॉर्मन स्वारीनंतर ते झडत गेले, आणि त्यांचं काम या मागून येणाऱ्या शब्दांनी उचललं.

‘गेट’ची कथा थोडक्यात सांगायची तर ती हॉटेलात घडते. जर्मन पाहुणा वेटरला इंग्रजीत सांगतो की मी आता स्टेक बनतो. मिळवणं या अर्थाचं जर्मन ‘बेकोमन’ आणि बनणं या अर्थाचं इंग्रजी ‘बिकम’ या सख्ख्या बहिणी, शतकांपूर्वी वेगळ्या झालेल्या. बोलीत जर्मन माणूस ‘बेकोमन’ऐवजी ‘क्रीगन’ म्हणतो. युद्धाला जर्मनमध्ये ‘क्रीग’ म्हणतात, त्याच कुळातलं हे क्रियापद. त्यात मुळात झटून, झगडून मिळवण्याचा भाव होता. आज सर्दीही ‘क्रीगन’ होते, जिच्यासाठी कोणी झगडत नाही. निबंधात मात्र मास्तर त्याखाली लाल रेघ ओढतात.

दरम्यान इंग्रजांचा स्वतःचा हिशेब वाढतच होता. ऑक्सफर्डच्या कोशात ‘सेट’ कितीतरी दशकं सर्वांत लांब नोंद म्हणून मिरवलं. २०११ च्या सुमारास नव्या आवृत्तीसाठी ‘रन’ तपासून झालं आणि त्याने ६४५ अर्थांसह तो मान हिसकावला. त्या एका क्रियापदावर संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने बसले होते.

लाइपझिगचा छापखान्यांचा भाग ४ डिसेंबर १९४३ च्या हवाई हल्ल्यात जळाला. लाखो पुस्तकं राख झाली आणि कोशांचं ते गाव पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. बर्लिनचं लांगेनशाइट युद्धानंतर म्युनिककडे सरकलं, पिवळ्या पुठ्ठ्यावरच्या निळ्या ‘एल’ने घराघरात पोचलं, आणि २०१९ मध्ये कोशांच्याच धंद्यातल्या पॉन्सने ते विकत घेतलं. तोवर कोशाची पानं उलटणारे हात कमी झाले होते. कोलोनच्या एका कंपनीने २००९ मध्ये ‘लिंग्वी’ आणलं होतं. शब्द टाकला की युरोपीय संघाच्या कागदपत्रांसह लाखो भाषांतरित मजकुरांतून तो शब्द असलेली वाक्यं जोडीने समोर यायची. अर्थांची फोड नाही, शिडी नाही, खुणा नाहीत, फक्त सोबत्यांसकट क्रियापद. बॉयर आणि लुडविग यांना हे ओळखीचं वाटलं असतं. त्याच कंपनीने २०१७ मध्ये ‘डीपएल’ हे यंत्र बाजारात आणलं, आणि ते वाक्यांच्या अशा जोड्यांवरच पोसलं गेलं होतं. ताटलीला ‘श्टेलन’ हे त्याला कोणी व्याकरण म्हणून शिकवलेलं नाही. हजारो जर्मन ताटल्या उभ्या राहिलेल्या त्याने वाचल्या आहेत.

वेगवेगळ्या भाषांतली माणसं हे ठेवणं-घालणं कसं सांगतात, हा प्रश्न नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेने घेतला. कोणी कप टेबलावर ठेवतं, कोणी टोपी घालतं, अशा छोट्या चित्रफिती अनेक भाषकांना दाखवून काय घडलं ते त्यांच्या तोंडून वदवून घेतलं. त्यावरचा ग्रंथ २०१२ मध्ये आला. त्यात भुवना नरसिंहन यांनी तमिळ आणि हिंदीचं काम मांडलं आहे. मराठीवर असं कोणी बसलं तर ‘ठेवणं’, ‘घालणं’, ‘लावणं’ आणि ‘टाकणं’ यांच्या हद्दी आखताना बराच घाम गाळावा लागेल.

महाराष्ट्रात सध्या हा प्रश्न पोटापाण्याचा झाला आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक होऊन जाऊ पाहणारी मुलं-मुली जर्मनच्या वर्गांत बसू लागली. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये ही भाषा पूर्वीपासून शिकवली जाते. बहुतेकांच्या मोबाइलवरचा कोश आजही इंग्रजीतून जर्मनकडे नेणारा असतो, म्हणजे ‘पुट’ त्यांनाही चुकत नाही. त्यांना पुढची खोचही लवकरच भेटते. ताटली ठेवत असताना टेबल द्वितीयेत असतं, आणि ठेवून झाल्यावर तेच टेबल चतुर्थीत जातं. मराठीत दोन्ही वेळा ते नुसतं ‘टेबलावर’ असतं.